ग्रनविक, लंडन 1976: जिला सोडून जाता येत नाही तिलाच कामावर घ्यायचं

लंडनच्या ग्रनविक कारखान्यातल्या 1976 च्या संपाच्या नेत्या जयाबेन देसाईंनी नंतर सांगितलेली एक गोष्ट आहे आणि या सगळ्या प्रकरणाची किल्ली मला तिच्यातच दिसते. कारखान्यात नोकरी मागायला एक तरुण इंग्रज मुलगी आलेली असते, आणि तिथेच खाली मान घालून काम करणाऱ्या वयस्कर गुजराती बायकांना मालक तिला काय म्हणतोय ते ऐकू येतं: इथे नको येऊस बाळ, तुला टिकवून धरता येईल एवढा पगार आम्हाला देता येणार नाही. म्हणजे पगार कमी आहे हे मालकाला पक्कं ठाऊक होतं, या पैशात कुठली इंग्रज मुलगी राहणार नाही हेही ठाऊक होतं, आणि ते तो ज्यांच्यासमोर बोलला त्या मात्र राहणार हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. जयाबेन म्हणाल्या की आम्ही अडकलेल्या होतो म्हणून तिथे काम करत होतो, आणि हे ऐकताना किती अपमान वाटला असेल विचार करा.

कामाच्या ठिकाणचा भेदभाव म्हटलं की आपण पहिल्यांदा माणसाच्या मनात शिरायला बघतो. साहेबाच्या डोक्यात काय होतं, तो बायकांना कमी लेखतो का, काळ्यासावळ्या माणसांचा त्याला राग आहे का. एचआरच्या ट्रेनिंगमध्येही हेच चालतं, मनातले पूर्वग्रह शोधा आणि पुसा. मला हे अपुरं वाटतं, आणि का वाटतं ते ग्रनविकवरून फार स्वच्छ दिसतं, म्हणून हे प्रकरण नीट मांडतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे भेदभावाचं मूळ मालकाच्या रागात नव्हतं, हिशोबात होतं. कोण नोकरी सोडून जाऊ शकत नाही हे आधी बघायचं आणि त्यांनाच कामावर घ्यायचं. वंशामुळे बाहेरचे दरवाजे बंद, बाई असल्यामुळे घरातले दरवाजे बंद, आणि या दोन बंद दरवाज्यांच्या मध्ये जो माणूस उरतो तो सगळ्यात स्वस्त पडतो.

ग्रनविक ही उत्तर-पश्चिम लंडनमधल्या विल्सडन भागातली फोटो धुऊन देणारी लॅब. 1965 मध्ये तिघांनी सुरू केली, ग्रंडी, वॉर्ड आणि हिकी, त्यांच्याच आडनावांचे तुकडे जोडून ग्रनविक. धंदा मुख्यतः टपालाचा. लोक सुट्टीवर जायचे, फोटो काढायचे, फिल्मचा रोल छापील पाकिटात घालून चेकसकट पोस्टात टाकायचे, आणि लॅब फोटो धुऊन टपालानेच परत पाठवायची. 1976 मध्ये तिथे साधारण पाचशेच्या आत माणसं होती आणि त्यातली बहुतेक आशियाई, त्यातही मेल ऑर्डर विभागात बायकाच बायका, पाकिटं फोडायची, चेक तपासायचे, नावं-पत्ते घालायचे, परत भरायची.

या बायका आल्या कुठून हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. यातल्या बऱ्याच जणी थेट गुजरातमधून आलेल्या नव्हत्या, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या होत्या. केनिया, युगांडा, टांझानिया या ब्रिटिश राजवटीखालच्या देशांत दोन-दोन पिढ्या दुकानदारी, कारकुनी, शिक्षकी करून बसलेली कुटुंबं. स्वातंत्र्यानंतर तिथे आफ्रिकीकरण सुरू झालं, व्यापाराचे परवाने आणि नोकऱ्या जायला लागल्या, आणि यांच्यापैकी अनेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होता म्हणून ते ब्रिटनकडे निघाले. तर 1968 मध्ये ब्रिटिश संसदेने तीन दिवसांत घाईघाईने कायदा करून ज्यांचे आईबाप किंवा आजोबा-आजी ब्रिटनमध्ये जन्मलेले नाहीत अशांचा प्रवेश अडवला, म्हणजे पासपोर्ट तोच पण गोऱ्यांना वाट मोकळी आणि यांना रांग. मग ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडा म्हणून सांगितलं आणि त्यातले सत्तावीस-अठ्ठावीस हजार लोक ब्रिटनमध्ये आले, बरेचसे हातात एखाद-दुसरी बॅग घेऊन.

जयाबेन स्वतः गुजरातमधल्या धर्मजच्या. लग्न होऊन टांझानियात गेल्या, तिथे घरची परिस्थिती बरी होती, नवरा टायरच्या कारखान्यात मॅनेजर होता. साठच्या दशकाच्या शेवटी हे कुटुंब लंडनला आलं आणि त्याच माणसाला तिथे अकुशल मजुराचं काम मिळालं. जयाबेनने आधी शिवणकाम केलं, मग 1974 मध्ये ग्रनविकला लागल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण या गरिबीत जन्मलेल्या, पडेल ते काम करण्याची सवय असलेल्या बायका नव्हत्या. ज्यांच्या घरी कामाला माणसं असायची अशा मध्यमवर्गीय गृहिणी आयुष्यात पहिल्यांदा पगारी नोकरीवर आल्या होत्या, आणि आल्या होत्या त्या नवऱ्याच्या एका पगारात लंडनचं भाडं भागत नाही म्हणून. नवऱ्याचा पगार का भागत नाही, तर त्याच्या अनुभवाला इथे कोणी विचारत नाही. एकाच नोकरीसाठी गोरा उमेदवार आणि आशियाई किंवा वेस्ट इंडियन उमेदवार पाठवून बघण्याच्या चाचण्या त्या काळात पीईपी नावाच्या संशोधन संस्थेने केल्या होत्या, 1967 साली त्यांचा अहवाल आला, आणि रंग बघून नाकारणं किती सर्रास चालतं हे तेव्हाच कागदावर आलं होतं. म्हणजे ग्रनविकच्या मालकाने काही करायच्या आधीच अर्धं काम बाहेरच्या समाजाने करून ठेवलेलं होतं. त्याने फक्त अडलेल्यांना नाडलं.

उरलेलं अर्धं काम घराने केलं. कारखाना घराजवळ हवा, कारण मुलं शाळेतून यायची असतात. रात्री उशिरा एकटीने बसने यायचं म्हणजे घरात प्रश्न. इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे दुकानात काउंटरवर कोणी उभं करत नाही. काम असं हवं की जिथे आपलीच माणसं आहेत, म्हणजे घरचे पाठवायला तयार होतील. आणि ग्रनविकमध्ये भरती बरीचशी ओळखीपाळखीतूनच व्हायची, एकीने आपल्या नणंदेला आणायचं, तिने शेजारणीला. वरवर बघता सोयीचं, पण याची दुसरी बाजू अशी की एकीने तोंड उघडलं तर जावेची आणि भाच्याची नोकरीही धोक्यात, त्यामुळे तिला गप्प बसवायला मॅनेजरची गरजच पडायची नाही, घरचेच सांगायचे की जाऊ दे.

आता आत काय चालायचं ते. पगार आठवड्याच्या चाळीस तासांना 28 पौंड. तेव्हाची सरासरी मिळकत 72 पौंडांच्या आसपास होती, आणि लंडनमध्ये पूर्णवेळ अंगमेहनतीचं काम करणाऱ्या बायकांची सरासरी 44. म्हणजे सरसकट सरासरीच्या निम्म्याहून कमी हे तर झालंच, पण बायकांच्याच मुळात कमी असलेल्या सरासरीच्याही दोन-तृतीयांश भरत नव्हता. हे तीन आकडे शेजारी ठेवले की दिसतं, 72 वरून 44 वर येताना बाईपण वजा झालंय आणि 44 वरून 28 वर येताना परकेपण.

पण तिथल्या लोकांच्या तक्रारी पगारापेक्षा जास्त वागणुकीच्या होत्या. मॅनेजरची केबिन काचेची, तिथून तो सगळ्यांवर नजर ठेवून. बाथरूमला जायचं तर हात वर करून परवानगी मागायची. पन्नाशीची बाई, घरात सुना-नातवंडं, आणि पाळीच्या दिवसांत पुरुष मॅनेजरसमोर सगळ्यांदेखत हात वर करतेय. जयाबेन लाजणाऱ्या बायकांना सांगायच्या की त्याला विचारायला लाज वाटत नाही तर तुम्ही कशाला लाजता, मोठ्याने विचारा. ओव्हरटाइम सक्तीचा, आणि तो सांगायचा कधी तर दिवस संपताना, कोट हातात घेतल्यावर. ज्याच्या घरी कोणी स्वयंपाक करून वाट बघतंय त्या पुरुषाला तासभर उशीर होणं आणि जिच्या घरी जाऊन अजून स्वयंपाक व्हायचाय, मूल शेजारी ठेवलंय, त्या बाईला तासभर उशीर होणं हे एक नसतं. नियम कागदावर सगळ्यांना सारखाच होता, पण त्याची किंमत सारखी नव्हती.

आणि सुट्टीचं तर ऐकाच. उन्हाळा म्हणजे लॅबचा सीझन, कारण गोरी कुटुंबं समुद्रकिनारी जाऊन फोटो काढतात आणि ते रोल जुलै-ऑगस्टमध्ये धो धो येतात. म्हणून उन्हाळ्यात रजा नाही. शाळेला सुट्टी नेमकी तेव्हाच, म्हणजे मुलं घरी आणि आई दिवसभर दुसऱ्यांच्या सुट्टीचे फोटो पाकिटात भरतेय. 1976 चा उन्हाळा तर इंग्लंडमधला गाजलेला, पाऊस नाही, कडक ऊन, आणि त्या कोंदट खोल्यांत कामाचा ढीग.

मालकाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जॉर्ज वॉर्ड, ग्रनविकचा मॅनेजिंग डायरेक्टर, स्वतः नवी दिल्लीत जन्मलेला अँग्लो-इंडियन. त्यामुळे त्याच्या बाजूने बोलणारे म्हणायचे की हा वंशद्वेष्टा कसा असेल, आशियाईंना कामावर घेणारा हाच तर आहे. हे वाक्य आपल्याकडेही रोज ऐकू येतं, अहो आमच्याकडे तर सत्तर टक्के लेडीजच आहेत, आमच्याकडे भेदभाव कसला. कोणाला घेतलं एवढं मोजून काही कळत नाही, कोणत्या कामावर, किती पैशात आणि का त्यांनाच घेतलं हे विचारावं लागतं. वॉर्डच्या मनात आशियाईंबद्दल राग होता की माया होती हे मला तपासायचंच नाहीये, त्याची गरजच नाही. ज्या किमतीला इंग्रज मुलगी मिळणार नाही त्या किमतीला कोण मिळेल हे त्याला बरोबर माहीत होतं आणि भरती त्याप्रमाणे झाली.

आता कोणी म्हणेल की मग कायदा कुठे होता. कायदे होते की, आणि तेही ताजे. समान वेतनाचा कायदा 1970 चा, पूर्ण लागू झाला डिसेंबर 1975 च्या शेवटी, त्याच दिवशी लिंगभेदाविरुद्धचा कायदाही. वंशभेदाविरुद्ध 1968 चा कायदा होता आणि त्याच्या जागी 1976 चा जास्त कडक कायदा येत होता. म्हणजे संप सुरू झाला तेव्हा समान वेतनाचा कायदा लागू होऊन आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. पण हा कायदा वापरायचा कसा, तर त्याच मालकाकडे तुमच्यासारखंच काम करणारा पुरुष दाखवा आणि त्याला जास्त मिळतं हे सिद्ध करा. ज्या विभागात सगळ्या बायकाच आहेत तिथे तो पुरुष आणायचा कुठून? जिथे बायकांना वेगळं काढून एकाच कामावर कोंबलंय, म्हणजे भेदभाव जिथे सगळ्यात पूर्ण झालाय, नेमकं तिथेच या कायद्याला दिसायचं बंद होत होतं. वंशभेदाच्या बाजूने गेलात तर 1968 च्या कायद्याखाली माणसाला स्वतः कोर्टात जाताच येत नव्हतं, तक्रार रेस रिलेशन्स बोर्ड या सरकारी मंडळाच्या यंत्रणेतून जायची. आणि दोन्ही एकत्र, म्हणजे मी बाई म्हणून नाही आणि आशियाई म्हणूनही नाही, आशियाई बाई म्हणून इथे अडकलेय, असं लिहायला कुठल्याच फॉर्मवर जागा नव्हती. इंग्रज बाईच्या तुलनेत बघा म्हटलं तर इंग्रज बाई तिथे कामालाच नाही. आशियाई पुरुषाच्या तुलनेत म्हटलं तर मजुरी त्यांनाही कमीच, ते वेगळ्या विभागात. प्रत्येक कायदा अर्ध्या बाईकडे बघत होता.

शुक्रवार, 20 ऑगस्ट 1976. देवशी भुडिया नावाच्या तरुण पोराला काम सावकाश करतो म्हणून काढलं, त्याच्यासोबत त्याचे तिघे मित्र बाहेर पडले. त्याच संध्याकाळी जयाबेन निघायची तयारी करत होत्या तर त्यांना ओव्हरटाइमला थांबायला सांगितलं, शब्दाला शब्द वाढला आणि त्यांनी माझी कागदपत्रं द्या, मी चालले म्हणून सांगितलं. जाता जाता मॅनेजरला जे सुनावलं ते इंग्लंडच्या कामगार इतिहासात आजही सांगितलं जातं: तुम्ही चालवताय तो कारखाना नाही, प्राणिसंग्रहालय आहे, पण तिथे अनेक तऱ्हेचे प्राणी असतात, काही माकडं असतात तुमच्या बोटांच्या तालावर नाचणारी आणि काही सिंह असतात तुमचं डोकं खाऊन टाकणारे, आम्ही ते सिंह आहोत, मॅनेजर साहेब. चार फूट दहा इंच उंचीची बाई. मुलगा सुनील तिथेच सुट्टीतलं काम करत होता, तोही आईबरोबर बाहेर पडला.

सोमवारी हाताने रंगवलेले बोर्ड घेऊन ते गेटवर उभे राहिले आणि बघता बघता आतून बाहेर आलेल्यांची संख्या 137 झाली. यातली बहुतेक मंडळी आयुष्यात कधी युनियनच्या वाऱ्याला उभी राहिलेली नव्हती, कुठे जायचं तेही माहीत नाही, सुनीलने सिटिझन्स ॲडव्हाइस ब्यूरो या सल्ला केंद्राकडे विचारणा केली आणि तिथून ब्रेंट ट्रेड्स काउन्सिल ही त्या भागातल्या युनियनची एकत्रित संघटना, मग एपेक्स ही कारकुनी कर्मचाऱ्यांची युनियन असा माग लागला. 2 सप्टेंबरला संपावरच्या सगळ्यांना कामावरून काढल्याची पत्रं. आणि इथे पुन्हा कायद्याची एक गंमत नसलेली खोच, संपावर गेलेल्यांपैकी निवडक लोकांना काढलं तर ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायपीठात, दाद मागता येते, पण सगळ्यांना सरसकट काढलं आणि एकालाही परत घेतलं नाही तर ट्रिब्युनल प्रकरण ऐकूच शकत नाही. वॉर्डने एकालाही परत घेतलं नाही.

युनियनबद्दल थोडं थांबून बोलावंच लागेल, कारण भेदभावाच्या कारणांमध्ये तिचाही वाटा आहे आणि तो सहसा झाकला जातो. ग्रनविकच्या आधी, 1972 मध्ये लफबरोच्या मॅन्सफील्ड होजिअरी मिल्समध्ये आशियाई कामगारांनी संप केला होता, विणकराच्या बऱ्या पगाराच्या जागा फक्त गोऱ्यांना मिळतात म्हणून, आणि त्यांची स्वतःची युनियन त्यांच्या मागे उभी राहिली नाही. 1974 मध्ये लेस्टरला इंपीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगारांच्या लक्षात आलं की बोनस 168 च्या उत्पादन-उद्दिष्टावर मिळायला हवा तो 200 वर दिला जातोय, तेही बाहेर पडले आणि तिथल्या युनियनच्या अधिकाऱ्याने त्यांचा संप मान्य केला नाही. लंडनच्या गोदी कामगारांनी तर 1968 मध्ये इनॉक पॉवेल या खासदाराच्या परकीयविरोधी भाषणाच्या समर्थनार्थ मोर्चा काढलेला. म्हणजे मालक तर मालक, पण ज्यांच्याकडे जायचं तेही आपल्याला आपलं मानत नाहीत हा अनुभव आशियाई कामगारांच्या गाठीशी होता, आणि यांच्या पाठीशी कोणी येणार नाही हे मालकांनाही दिसत होतं. ज्याच्या मागे कोणी नाही त्याला कमी देता येतं, हाही हिशोबाचाच भाग. ग्रनविकमध्येसुद्धा 1973 मध्ये युनियनचा एक प्रयत्न झालेला आणि मोडलेला होता.

गेटवरच्या दिवसांतले दोन प्रसंग जयाबेननी सांगितलेत. एकदा वॉर्ड पिकेटपाशी, म्हणजे गेटवरच्या संपकऱ्यांच्या धरण्यापाशी, येऊन म्हणाला, मिसेस देसाई, साडी नेसून तुम्ही जिंकणार नाही, मला तुम्हाला मिनी स्कर्टमध्ये बघायचंय. त्या म्हणाल्या, मिसेस गांधी साडीच नेसतात आणि एवढा मोठा देश चालवतात. दुसऱ्या खेपेला त्याने धमकी दिली की तुम्ही चालू बाई आहात असं मी सगळ्या पटेल समाजाला सांगेन. जयाबेननी हातातला बोर्ड दाखवला, तू फक्त पटेल समाजाला सांगणार, मी अख्ख्या इंग्लंडला सांगतेय की तू वाईट माणूस आहेस.

ही दुसरी धमकी नीट बघा. गोऱ्या संपकरी बाईला ही धमकी देता आली नसती, तिला पटेल समाज नाही. आशियाई पुरुषालाही देता आली नसती, चालू म्हणून पुरुषाचं काय बिघडतं. ही धमकी फक्त आशियाई बाईलाच लागू पडते, आणि ज्याला ती सुचली त्याला त्या समाजात बाईची इज्जत कशी चालते हे बरोबर माहीत असतं. वंश आणि लिंग अशा दोन वेगळ्या खान्यांत ती घालताच येत नाही. खूपशा बायकांच्या घरी खरोखरच हा दबाव होता, सासरे म्हणायचे रस्त्यावर उभं राहून घोषणा देणं आपल्या घरात चालणार नाही, आणि काही जणी परत गेल्याही. ज्या टिकल्या त्यांना दोन संप करावे लागले, एक गेटवर आणि एक घरात, हे मला सगळ्यात भिडतं.

पुढचा भाग ब्रिटनच्या इतिहासात जास्त प्रसिद्ध आहे म्हणून मी भराभर सांगते. धंदा टपालावर, त्यामुळे क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी नोव्हेंबर 1976 मध्ये ग्रनविकची पत्रं हाताळायला नकार दिला आणि मालकाच्या गळ्याला फास लागला, पण उजव्या विचारांची नॅशनल असोसिएशन फॉर फ्रीडम कोर्टात गेली आणि तो बहिष्कार सुटला. जून 1977 पासून गेटवर प्रचंड पिकेटिंग सुरू झालं, 11 जुलैला तर वीस हजारांच्या आसपास माणसं, यॉर्कशायरचे खाण कामगार आपला नेता आर्थर स्कारगिलसोबत आले, आणि नऊ वर्षांपूर्वी ज्या गोदीतून पॉवेलसाठी मोर्चा निघाला त्या गोदीचे कामगार आपला बॅनर घेऊन आशियाई बायकांसाठी आले. संपभरात पाचशेवर लोकांना अटक झाली. टपाल कामगारांनी पुन्हा बहिष्कार घातला तेव्हा मालकाच्या पाठीराख्यांनी रात्रीत ट्रक भरून पाकिटं बाहेर काढली आणि गावोगावच्या पोस्टपेट्यांत टाकली.

गर्दी आली त्याचा या बायकांना आधार वाटला, हे त्यांनीच सांगितलंय. पण पेपरात आणि टीव्हीवर बातमी बदलली, आता ती पोलिस विरुद्ध खाण कामगार अशी झाली. आणि मागणी? युनियनला मान्यता द्या आणि लोकांना परत घ्या. बाथरूमची परवानगी, सीझनची रजा, इंग्रज मुलीला सांगितलेलं ते वाक्य, हे मागे पडलं. युनियनच्या नेत्यांना युनियनची भाषा येत होती, तिच्यात बसेल तेवढंच पुढे गेलं. मी त्यांना सर्वस्वी दोष देत नाही, त्यांनी खस्ता खाल्ल्या. पण ज्या कारणाने या बायका त्या कारखान्यात आल्या आणि ज्या कारणाने तिथे त्यांना तसं वागवलं गेलं, त्यावर कुठल्याही सुनावणीत निकाल लागलाच नाही, कारण तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

अकास या सरकारी सलोखा संस्थेने मार्च 1977 मध्ये युनियनला मान्यता द्या अशी शिफारस केली. पण कंपनीने आतल्या कामगारांची नावं-पत्तेच दिले नव्हते, त्यामुळे अकासने मत घेतलं ते संपावरच्यांचं. डिसेंबर 1977 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की सगळ्या कामगारांचं मत घेतलं नाही म्हणून अहवालच बेकायदेशीर. नावं लपवली कंपनीने आणि फटका बसला अकासच्या अहवालाला. त्याआधी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशीने कामगारांना परत घ्या म्हटलं होतं, वॉर्डने साफ नाही म्हणून सांगितलं, आणि त्याला सक्ती करणारं काही नव्हतं. युनियनच्या मोठ्या नेत्यांनी मग हळूच हात आखडते घेतले. नोव्हेंबर 1977 मध्ये जयाबेन आणि आणखी काही जण टीयूसीच्या, म्हणजे सगळ्या युनियनच्या महासंघाच्या, मुख्य कचेरीसमोर उपोषणाला बसले, आपल्याच लोकांविरुद्ध, तर एपेक्सने त्यांना निलंबित केलं आणि संपाचा भत्ता थांबवला. जयाबेन म्हणाल्या, टीयूसीचा पाठिंबा म्हणजे कोपराला लावलेला मध, वास येतो, दिसतो, पण चाखता येत नाही. आपल्याकडे कोपराला गूळ लावतात तेच.

14 जुलै 1978 ला संप संपला. एकालाही परत घेतलं नाही, युनियनला मान्यता मिळाली नाही. आत राहिलेल्यांचे पगार मात्र संपाच्या काळातच वाढले, म्हणजे जास्त देणं परवडत होतं, फक्त आधी द्यावं लागत नव्हतं. ज्या दिवशी या बायका सोडून जाऊ शकतात हे मालकाला दिसलं त्या दिवसापासून दर बदलला. भेदभावाचं कारण शोधताना माझ्या दृष्टीने याहून मोठा पुरावा नाही, कारण वॉर्डचं मन तर तसूभरही बदललेलं नव्हतं.

जयाबेन पुढे हॅरोच्या कॉलेजात शिवणकाम शिकवायला लागल्या. 2010 च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या.

टपाल कामगारांनी जे केलं, म्हणजे दुसऱ्याच्या वादात आपलं काम थांबवायचं, ते नंतरच्या सरकारांनी ऐंशीच्या दशकात आणि 1990 मध्ये कायदे करून बंद केलं. ऑगस्ट 2005 मध्ये हीथ्रो विमानतळावर ब्रिटिश एअरवेजसाठी जेवणाचे ट्रे भरणाऱ्या गेट गूरमे कंपनीने सहाशेवर कामगारांना एका झटक्यात काढलं. त्यात पंजाबी बायका खूप होत्या, साउथॉल आणि आसपासच्या, बऱ्याच जणी वर्षानुवर्षं तिथेच. ब्रिटिश एअरवेजचे सामान उचलणारे कामगार, त्यातले काही याच बायकांचे नातेवाईक, त्यांच्यासाठी काम टाकून बाहेर आले आणि विमानं जमिनीवर बसली. तो पाठिंबा आता बेकायदेशीर होता, त्यामुळे युनियनला तो जाहीरपणे नाकारावा लागला आणि ती माणसं कामावर परतली. समान वेतनाचा नियम आता 2010 च्या इक्वालिटी ॲक्टमध्ये आहे, आणि दावा करणाऱ्या बाईला तुलनेसाठी पुरुष शोधून द्यावा लागतो तो अजूनही लागतोच. त्याच कायद्यात दोन कारणं एकत्र धरून तक्रार करता यावी म्हणून एक कलमही लिहिलं गेलं, कलम 14, संसदेने ते मंजूरही केलं, आणि नंतरच्या सरकारने उद्योगांवर बोजा नको म्हणून ते लागूच केलं नाही.